खाकी कागदावरचा हात

माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या हाताचे बावन्न कागद माझ्या कपाटात आहेत. दर वर्षी थंडी सुरू झाली की ती माझ्यासमोर बसायची, खाकी कागदावर तळवा पालथा ठेवायची, बोटे सैल सोडायची आणि मी पेन्सिल उभी धरून हाताच्या कडेकडेने फिरवायचे. मग डावा हात. मग माझे दोन्ही. त्या कागदांवरून मी कातडे कापायचे, ती शिवायची, आणि त्या हिवाळ्यापुरते आमचे हातमोजे तयार व्हायचे.

आम्ही दोघींनी हातमोज्यांच्या कारखान्यात नोकरी केली. मी कापणीच्या टेबलावर, ती शिवणीच्या. कारखाना बंद होऊन सोळा वर्षे झाली. बाजारात चांगले हातमोजे मिळतात हे आम्हाला माहीत आहे. माझी मुलगी दर वर्षी ते सांगते. पण सवय सवयीच्या जागी राहिली.

कारखान्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. गिऱ्हाइकाने हातमोजा परत पाठवला, की आमचा मुकादम तो टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, "हाताकडे बघायचं नाही. शिवण उसवा." म्हणजे मोजा बसत नसेल तर चूक मोज्याची, गिऱ्हाइकाच्या हाताची कधीच नाही. तीस-तीस वर्षे हे ऐकल्यावर माणूस दुसरा विचार करत नाही. आम्हीही केला नाही.

साथ आली आणि सगळे बंद झाले, तोवर आम्ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी भेटत होतो. ती एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर. मी मुलीकडे, पाऊण तासाच्या चालीवर. मी जायचे, आम्ही बाजारातून पिशव्या भरून आणायचो, जिना चढायचो, ती काहीतरी शिवत बसायची आणि मी बोलत बसायचे. बंद झाल्यावर यातले फक्त बोलणे उरले. मी दुपारी दोनला फोन करायचे. पहिल्या आठवड्यात अर्धा तास बोललो. दुसऱ्या महिन्यात तीन तास.

मला सगळे आठवते हा माझा दोष आहे. कापणीच्या टेबलावर कोण कुठे बसायचे, कुणाच्या डब्यात काय असायचे, मुकादमाचे लग्न कसे मोडता मोडता राहिले आणि ते मोडले असते तर बरे झाले असते असे कोण म्हणाले. मी सांगायचे, ती "हं" म्हणायची. मधूनच म्हणायची, "ताई, ती निळ्या डोळ्यांची कोण गं, ती खोटं बोलायची ती?" की मग आणखी एक तास.

माझ्या मुलीने मला मोबाइल टेबलावर ठेवून बोलायला शिकवले होते. त्यामुळे माझे हात मोकळे असत. तीन तासांत मी भाजी निवडायचे, कपाटाचा एक कप्पा आवरायचे, पायांना तेल लावायचे. धाकटीचा फोन भिंतीजवळचा, जुना, गुंडाळलेल्या वायरचा. तिच्या मुलाने दिलेला मोबाइल तिने खोक्यासकट खणात ठेवला होता. ती घराच्या दारालगतच्या बोळात स्टुलावर बसायची, उजवे कोपर चपलांच्या कपाटाच्या कडेवर टेकायची आणि रिसीव्हर उजव्या कानाला लावायची. कान बदलायची सोय नव्हती. शिवणीच्या हॉलमध्ये तिच्या डावीकडे इस्त्रीचे मोठे यंत्र होते, आणि त्या यंत्राने तिचा डावा कान चाळिशीतच नेला होता.

ती कशी बसते हे मला ठाऊक होते. त्या बोळात, त्या स्टुलावर मी स्वतः अनेकदा बसले आहे.

पावसाळ्याच्या शेवटी ती एकदा म्हणाली, "ताई, करंगळीला मुंग्या येतात गं."

"कुठल्या?"

"उजव्या. आणि शेजारच्या बोटाला, पण अर्ध्याच. बाहेरच्या अर्ध्याला."

"अर्ध्या बोटाला कशा मुंग्या येतील? चौऱ्याहत्तर वर्षांची झालीस. मला तर सगळीकडे येतात."

"तुझं काय, तुझं सगळंच जास्त," ती म्हणाली, आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

थंडी सुरू झाली तरी भेटणे शक्य नव्हते. मी म्हटले, यंदा राहू दे. ती म्हणाली, राहू दे कसे? तिने स्वतःच डाव्या हातात पेन्सिल धरून उजवा हात कागदावर उतरवला आणि टपालाने पाठवला.

कागद उघडला आणि मला हसू आले. करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून उभी होती, रुसून बसल्यासारखी. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली कड, जी भरीव आणि गोल यायला हवी, ती आत गेली होती. दुपारी मी तिला फोनवर म्हटले, "हात उतरवलास की कोंबडीचा पाय?"

"डाव्या हातानं काढलंय. तू काढून दाखव."

"बोटं जवळ घेऊन ठेवायची असतात, हे एक्कावन्नाव्या वर्षी सांगायचं का तुला?"

"घेतली होती," ती म्हणाली.

हे वाक्य मी ऐकले. ऐकले, आणि तिचा कागद बाजूला ठेवून आदल्या वर्षीच्या कागदावरून कातडे कापले. डाव्या हाताने काढलेल्या वाकड्या रेघेपेक्षा माझ्या हातची सरळ रेघ मला जास्त खरी वाटली. कापलेले तुकडे मी टपालाने पाठवले. तिने ते शिवले. नेहमी चार दिवस लागतात, या वेळी तीन आठवडे लागले. मी विचारले, तर म्हणाली सुया बोथट झाल्यात.

वसंतात प्रवास सुरू झाला, तेव्हा तिचा मुलगा सव्वा वर्षाने तिला भेटायला आला. तो दुसऱ्या शहरात असतो, विम्याच्या कचेरीत. चांगला मुलगा आहे. दर रविवारी फोन करतो आणि जे विचारायचे ते क्रमाने विचारतो. त्या दिवशी संध्याकाळी त्याचा मला फोन आला.

"मावशी, आईला मी घेऊन जातोय."

"फिरायला?"

"कायमची. घरात सहा कपांपैकी दोन उरलेत. हाताच्या कडेला एवढा मोठा भाजल्याचा डाग आहे, आणि तो कसा पडला हे तिला माहीत नाही. कळलंच नाही म्हणते. मावशी, ज्या माणसाला भाजलेलं कळत नाही, त्याला एकटं गॅसपाशी ठेवायचं का?"

त्याच्या घरातली तिच्यासाठीची खोली मी पाहिली आहे. अकरावा मजला. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. पलंगाच्या बाजूला इस्त्रीचे टेबल उभे असते, ते तिथून हलवायला दुसरीकडे जागा नाही. सूनही चांगली आहे. पण धाकटी त्या घरात गेली की दोन दिवसांत पाहुण्यासारखी बसायला लागते, खुर्चीच्या पुढच्या कडेवर.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. दार उघडल्यावर आम्ही दोघी जरा वेळ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. मग ती म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं ताई," आणि मला आत घेतले.

मुलगा स्वयंपाकघरात कपाटे तपासत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "मी नाही जायची. तिथं मला स्वतःचं दार नाही." आणि मग, "पण चमचा धरवत नाही, हे खरंय."

खुंटीवर तिचा कोट होता आणि कोटाच्या खिशातून हातमोजे डोकावत होते. मी उजवा मोजा काढून सवयीने उलटा केला. आतली शिवण दुहेरी होती. अंगठ्याच्या बुंध्याशी तिने कातडे दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत घेतले होते. करंगळीच्या मुळाशी मात्र उसवून पट्टी जोडली होती, बोटाला बाहेर जायला जागा मिळावी म्हणून.

"हे काय केलंस?"

"बसत नव्हता. तू कापताना चुकलीस."

"मी चुकले?"

"म्हटलं, होतं असं. वय झालं तुझं. तुला सांगितलं नाही, उगाच मनाला लावून घेशील म्हणून."

मी तिचा हात हातात घेतला आणि उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये खळगा होता, बोट ठेवले तर मावेल एवढा. मी म्हटले, "करंगळी आत घे." ती म्हणाली, "घेतलीय." करंगळी होती तिथेच होती.

म्हणजे तिने हात बरोबर उतरवला होता, आणि मी तो दुरुस्त केला. मी दुरुस्त केलेला हात तिला बसला नाही, तेव्हा तिने मोजा दुरुस्त केला. एका हिवाळ्यात दोघींनी मिळून शिवण उसवली आणि हाताकडे कुणीच बघितले नाही. मुकादम असता तर खूश झाला असता.

मी भाच्याला म्हटले, "नेण्याआधी एकदा हाताच्या डॉक्टरला दाखव." त्याला ते पटले. तपासून घेतलेले त्याला आवडते.

हाताच्या दवाखान्यात इतकी गर्दी असेल असे मला वाटले नव्हते. खुर्च्या एक सोडून एक रिकाम्या ठेवायच्या होत्या, तरी बोळ भरला होता. एक शिक्षिका वर्षभर पलंगावर लॅपटॉप घेऊन शिकवत होती. तिच्या दोन्ही मनगटांना पट्टे होते. एका हिशेबनिसाने पाव घरी भाजायचे मनावर घेतले होते आणि पीठ मळून मळून त्याचा अंगठा धरला होता. एका मुलीचा अंगठा फोनने. आणि एक न्हावी होता, तो फक्त जुने कागद दाखवायला आला होता. सांगत होता, "अठरा वर्षं मनगट दुखत होतं. दुकान सात महिने बंद राहिलं आणि बरं झालं. आता दुकान उघडलंय." मग हाताकडे बघत म्हणाला, "डॉक्टर म्हणतील ते करायचं, पण काय म्हणतील ते मला ठाऊक आहे."

डॉक्टर तरुण बाई होती, तोंडावर मुखपट्टी, डोळे जागरण झालेले. तिने धाकटीच्या अंगठ्यात आणि तर्जनीत एक कागद धरायला दिला आणि ओढला. कागद सहज निघून आला. डाव्या हातातला निघेना. मग तिने कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली आणि धाकटी "आई गं" म्हणाली.

"मेंदूचं काही नाही," डॉक्टर भाच्याला म्हणाली. "वयाचं थोडं आहे. पण ही कोपरातली नस आहे. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात, तीच. कोपर फार वेळ वाकवून ठेवलं, कडेवर टेकवलं, की ती दबते. आजी, दिवसभर काय करता?"

"काही नाही. घरातलं."

"फोनवर बोलता?"

"थोडा वेळ."

"थोडा म्हणजे?"

धाकटी छताकडे बघू लागली. कारखान्यात कुणाची तक्रार करायची वेळ आली की ती असेच करायची.

"तीन तास," मी म्हटले. "रोज. गेलं वर्षभर."

"कुणाशी?" डॉक्टरने विचारले.

"यांच्याशी," भाचा म्हणाला. तो पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होता.

"बोलतो कोण जास्त?" डॉक्टरच्या डोळ्यांत मुखपट्टीवरूनही हसू दिसले.

"मी फक्त ऐकते," धाकटी म्हणाली. "पण ऐकायलाही फोन धरावा लागतो ना!"

मी पिशवीतून खाकी कागद काढले. मागच्या सहा वर्षांचे आणले होते. डॉक्टरने ते टेबलावर एकाखाली एक मांडले आणि बराच वेळ पाहिले. शेवटच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हा दिसला तेव्हाच आणायला हवं होतं."

"हो," मी म्हटले.

तिने सांगितले ते असे. फोन कानाला लावायचा नाही. कोपर कशावर टेकायचे नाही. झोपताना कोपराला टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे ते वाकणार नाही. व्यायाम दिवसातून चार वेळा. तीन महिन्यांत फरक पडला तर ठीक, नाहीतर शस्त्रक्रिया. जो स्नायू गेला तो बहुधा परत येणार नाही. जो आहे तो राखायचा.

जिन्यात भाचा म्हणाला, "ठीक आहे. तीन महिने. सकाळ-संध्याकाळ खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन गॅस बघतील. तीन महिन्यांनी मी येईन. तेव्हा आईला स्वतःचं स्वतः करता आलं तर राहील. नाही आलं, तर मावशी, तुम्ही मध्ये पडायचं नाही."

मी कबूल केले.

खणातला मोबाइल बाहेर आला. तो टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून बोलायचे असे ठरले. धाकटीला अर्धेच ऐकू येई, म्हणून मी ओरडायचे, म्हणून तीही ओरडायची. कानात घालायच्या गोळ्या मुलाने पाठवल्या. त्या कानात किडा गेल्यासारख्या वाटतात म्हणून तिने परत खोक्यात घातल्या. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅस बघता बघता तिला विचारले, "अहो, त्या मुकादमाचं लग्न शेवटी झालं का?"

धाकटीने मला लगेच फोन केला. "ताई, अख्ख्या इमारतीला मुकादम माहीत झालाय. आता बास."

त्याच आठवड्यात पुन्हा सगळे बंद झाले. तेव्हा आम्ही दुसरे ठरवले. दुपारी दोनला मी तिच्या भिंतीजवळच्या फोनवर तीन घंट्या द्यायच्या आणि बंद करायचे. म्हणजे मी ठीक. मग तिने मोबाइलवरून तीन द्यायच्या. म्हणजे ती ठीक. कुणी उचलायचा नाही.

पुढचे अडीच महिने मला तिच्या हाताचे काहीच कळले नाही. दोन वाजायचे, सहा घंट्या व्हायच्या आणि दुपार तशीच पडून राहायची. मला जे आठवायचे ते मी कुणाला सांगत नसे. मुलीला सांगून पाहिले. ती म्हणाली, "आई, हे तू मला सांगितलंयस," आणि ते खरेच होते. एकदा मात्र धाकटीने दुसऱ्याच घंटीला उचलला.

"ताई, तिचं नाव काय गं, ती निळ्या डोळ्यांची? सकाळपासून डोकं फुटायची वेळ आलीय."

"कोपर?"

"सरळ आहे. टॉवेल बांधलाय. सांग ना."

"नाही सांगत. ठेव फोन."

"दुष्ट आहेस," ती म्हणाली आणि ठेवला. मला नाव आठवत होते. मी ते एका चिठ्ठीवर लिहून टपालाने पाठवले.

तीन महिने पुरे झाले त्या रविवारी भाचा आला. मला त्याने बोलावले नव्हते, धाकटीने बोलावले होते. मी पोचले तेव्हा बोळात दोन मोठ्या रिकाम्या बॅगा उभ्या होत्या आणि स्टूल तिथे नव्हते. धाकटीने चहा केला. किटली तिने दोन्ही हातांनी धरली. भाचा कपाकडे न बघता तिच्या बोटांकडे बघत होता आणि आपण बघत नाही असे दाखवत होता.

"ताई, कागद आणलास?" ती म्हणाली.

मी कागद पसरला. तिने तळवा ठेवला. मी म्हटले, "करंगळी आत घे."

करंगळी थरथरली. मग हळूहळू सरकली आणि शेजारच्या बोटापाशी येता येता थांबली. चिकटली नाही. मध्ये एक पेन्सिल आडवी राहील एवढी फट होती. थंडीतल्या कागदावर तीन पेन्सिली राहिल्या असत्या. अंगठ्याजवळचा खळगा होता तेवढाच होता.

"यावरून काय समजायचं, मावशी?" भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मला रेघा कळत नाहीत. आई, तू कोट घाल. बटणं लाव. एकटीनं."

कोटाला सहा बटणे होती आणि काजे घट्ट होते. ते तिनेच शिवले होते. तिने वरून सुरुवात केली. पहिले बटण लागले. दुसरे निसटले, पुन्हा निसटले, मग लागले. तिसऱ्यापाशी ती थांबली, हात खाली सोडून कोपर सरळ केले, डॉक्टरने शिकवले होते तसे दहा मोजले आणि पुन्हा वर आणले. चौथ्याला भाचा खुर्चीवरून उठला. मी त्याची बाही धरली.

"मावशी, ती दमतेय."

"बस खाली."

"हाताला धरून ठेवू नका मला."

"तुला सहा वर्षांचा होईपर्यंत बुटाची नाडी बांधता येत नव्हती," धाकटी बटणावरची नजर न हलवता म्हणाली. "मी मध्ये हात घातला होता का? बस."

तो बसला. शेवटचे बटण लागले तेव्हा घड्याळात सहा मिनिटे झाली होती. तिने कोट खाली ओढून नीट केला आणि आमच्या दोघांकडे बघितले. भाच्याने किटली उचलून तिचे वजन पाहिले. मग म्हणाला, "हलकी किटली घे. आणि खालच्या बाई येत राहतील."

"येऊ देत," ती म्हणाली. "त्यांना मुकादमाचं पुढचं ऐकायचंय."

जाताना त्याने एक बॅग दुसऱ्या बॅगेत घातली आणि एकच उचलून नेली.

त्या थंडीत मी तिचे मोजे नव्या कागदावरून कापले. रेघ जिथे बाहेर गेली तिथे कात्री बाहेर नेली, जिथे आत गेली तिथे आत. दोन्ही हातांचे मोजे एकमेकांना जुळत नाहीत; उजवा जरा अरुंद, आणि त्याची करंगळी वेगळी उभी राहते. तिने ते पाच आठवडे शिवले, कोपर सरळ करायला थांबत थांबत. आतली शिवण मी उलटी करून पाहिली. या वेळी एकेरी होती. कारखान्यात ही जोडी तपासणीच्या टेबलावरच बाजूला काढली असती. तिला ती बसते.